दुपारी चार वाजता तुम्ही काय करत असाल? कॉलेजात असतानाच करिअर निवडण्याची एक रीत

रसायनशास्त्रात मला कायम चांगले गुण मिळत. म्हणून मी धरूनच चालले होते की आपण प्रयोगशाळेत संशोधन करणार. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सहा आठवडे एका प्रयोगशाळेत काम करायला मिळालं आणि तिसऱ्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. दुपारचे चार वाजले की मी काहीतरी निमित्त काढून व्हरांड्यात जायची आणि कोणी बोलायला भेटतंय का ते बघायची. विषय तोच, आवडीचा. पण नमुना यंत्रात घालायचा, आकडा लिहून घ्यायचा, पुन्हा नमुना घालायचा आणि दिवसभर कोणाशी अवाक्षर नाही, हे मला झेपत नव्हतं. त्याच सहा आठवड्यांत एक फुटकळ काम मात्र मी रात्री जागून केलं. त्या यंत्राची माहितीपुस्तिका इतकी किचकट होती की प्रत्येक नवखा विद्यार्थी त्याच एका जागी अडायचा. मी ती एका पानात नव्याने लिहून काढली. तिथल्या सिनियरने ते पान यंत्राशेजारी भिंतीला चिकटवलं.

त्या पानात माझ्या पुढच्या कामाची खूण होती, हे कळायला आणखी तीन वर्षं गेली. आज मी यंत्रांच्या वापराच्या पुस्तिका लिहिते आणि त्यावर माझं पोट चालतं. मधल्या तीन वर्षांत जे धडपडले, विचारलं, चुकलं, ते इथे क्रमाने मांडतेय.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात असाल तर सगळ्या पायऱ्या ओळीने करा. अभ्यास सांभाळून साधारण वर्ष लागेल. शेवटच्या वर्षात असाल तर 2, 5 आणि 6 एवढ्या तीनच करा, बाकीच्या वाचून सोडा.

हाताशी काय हवं

- एक साधी वही. नोंदी मोबाइलमध्ये ठेवल्या तर चालतात, पण मागची पानं एकत्र चाळण्याची सोय वहीत जास्त.
- आठवड्याला चार-पाच तास. एका दमात बसून हे उरकत नाही.
- एक नीट ईमेल पत्ता, ज्यात स्वतःचं नाव आहे. शाळेत असताना गमतीने काढलेला पत्ता आता निवृत्त करा.
- खरं बोलणारा एक मित्र किंवा मैत्रीण. दर महिन्याला वही दाखवायला.

1. ‘माझी आवड काय?’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा

हा प्रश्न दिसतो साधा, पण त्यात तीन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेले असतात. मला कोणता विषय आवडतो? मला कोणत्या प्रकारचं काम करायला आवडतं? आणि मला कशा माणसांत, कशा वातावरणात राहायला आवडतं? बहुतेक जण पहिल्याचं उत्तर देतात आणि उरलेल्या दोघांचं उत्तरही त्यातच मिळालं असं समजतात. मी तेच केलं. विषय रसायनशास्त्र, म्हणून काम प्रयोगशाळेत.

खरं तर एकाच विषयात राहून माणसं अगदी वेगवेगळी कामं करतात. जीवशास्त्र घ्या. कोणी सूक्ष्मदर्शकाशी बसतं, कोणी जंगलात मोजणी करतं, कोणी शिकवतं, कोणी औषधांच्या परवान्यांची कागदपत्रं तपासतं, कोणी पाठ्यपुस्तकांतली चित्रं काढतं. यांचे दिवस एकमेकांसारखे मुळीच नसतात. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा: विषय, काम, वातावरण. आत्ता जे सुचेल ते पेन्सिलीने लिहा. ‘काम’ या रकान्यात क्रियापदंच लिहायची, हा नियम. ‘मार्केटिंग’ चालणार नाही. ‘लोकांना पटवणं’, ‘आकडे जुळवणं’, ‘मोडलेलं दुरुस्त करणं’, ‘समजावून सांगणं’ असं हवं.

दुसरा आणि तिसरा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. तो भरण्यासाठीच पुढची पायरी आहे.

2. चार आठवडे नोंदवही ठेवा

या सगळ्यातली ही सर्वांत स्वस्त पायरी, आणि लोक हमखास गाळतात तीही हीच. रोज रात्री पाच मिनिटं. दिवसातल्या तीन-चार कामांपुढे दोन खुणा करायच्या: काम करताना वेळ सरत होता की रेंगाळत होता, आणि झाल्यावर तरतरी वाटली की गळून गेल्यासारखं झालं.

फक्त अभ्यास लिहू नका. गॅदरिंगची वर्गणी गोळा करणं, भावंडाला गणित शिकवणं, गटाच्या प्रोजेक्टची पानं एकसारखी करणं, सहलीचं वेळापत्रक आखणं, भांडण मिटवणं, सगळं लिहा. आपला कल बहुतेक वेळा वर्गाबाहेरच्या, ‘हे काय काम आहे का’ म्हणून दुर्लक्षिलेल्या गोष्टींत दिसतो.

चार्ल्स डार्विनचं कॉलेज आठवून बघा. 1825 साली वडिलांनी त्याला वैद्यकी शिकायला एडिंबराला धाडलं. भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया त्याला बघवेनात; तो शिक्षण अर्धवट सोडून आला. मग 1828 मध्ये धर्मगुरू होण्याच्या इराद्याने केंब्रिजला गेला. तिथे तो झपाटल्यासारखा करत काय होता, तर भुंगेरे गोळा. आज त्याची नोंदवही आपल्यासमोर असती तर ‘वैद्यकी’ आणि ‘धर्मशास्त्र’ यांपुढे गळून गेल्याच्या खुणा दिसल्या असत्या आणि भुंगेऱ्यांपुढे वेळ सरल्याच्या. केंब्रिजमधले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांना त्याची ही ओढ ठाऊक होती, आणि 1831 मध्ये बीगल जहाजाच्या सफरीसाठी त्यांनीच त्याचं नाव सुचवलं. भुंगेऱ्यांतून नोकरी मिळेल असं तेव्हा कोणीच म्हटलं नसतं. मात्र ते वेड हेन्स्लोंना माहीत होतं, हे महत्त्वाचं. आपण काय मनापासून करतो हे एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेस पडेल असं वागा. वहीतलं वहीतच ठेवू नका.

चार आठवड्यांनी वही उलटून बघा. तरतरीच्या खुणा कोणत्या क्रियापदांपुढे जास्त आहेत? ती दुसऱ्या रकान्यात उतरवा, आता पेनाने. एकटं असतानाच्या नोंदी आणि चारचौघांत असतानाच्या नोंदी वेगळ्या करून बघितल्या की तिसरा रकाना आपोआप भरतो.

एक इशारा. वही ठेवताना आपण नकळत स्वतःची चांगली प्रतिमा रंगवतो. ‘वाचन: तरतरी’ असं मी तेरा दिवस लिहिलं होतं. मैत्रिणीने विचारलं, ‘कुठलं पुस्तक?’ तेव्हा उत्तर देता आलं नाही.

3. कलचाचणी द्या, पण तिचं ऐकायचं किती ते ठरवून

कलचाचण्या वाईट नसतात. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेली सहा गटांची विभागणी आजही अनेक चाचण्यांच्या मुळाशी आहे: हातांनी काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांना मदत करणारे, पुढाकार घेऊन पटवणारे आणि व्यवस्था लावणारे. बहुतेकांत दोन-तीन गटांचं मिश्रण असतं. आपले दोन गट कोणते याचा अंदाज यायला अशी एखादी मोफत चाचणी पुरे. चाचणीतून आलेले गट आणि वहीतली क्रियापदं जुळतात का ते बघा. जुळली नाहीत तर मी वहीवर विश्वास ठेवेन.

सापळा असतो तो चकचकीत अहवालात. मी एका सल्लागाराकडे पैसे भरून असा जाडजूड रंगीत अहवाल घेतला होता. वाचताना वाटलं, अरे, हे तर अगदी मीच! ‘तुम्ही मिळून-मिसळून वागता, पण कधीकधी एकांत आवडतो. तुमच्यात अशा क्षमता आहेत ज्यांचा पूर्ण वापर झालेला नाही.’ नंतर कळलं की हे कोणालाही लागू पडतं. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने वर्गातल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा खास अहवाल’ म्हणून कागद दिला. अहवाल किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. कागद मात्र सगळ्यांना एकच दिला होता, आणि त्यातली वाक्यं राशीभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

म्हणून अहवाल हातात आला की एक कसोटी लावा: यातलं कोणतं वाक्य माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना लागू पडणार नाही? तेवढीच वाक्यं अधोरेखित करा. माझ्या अहवालात दोन निघाली.

4. पदाचं नाव सोडा, दिवस शोधा

दुरून डोंगर साजरे ही म्हण बहुधा करिअरसाठीच केली असावी. ‘वकील’ म्हटलं की कोर्टातला युक्तिवाद डोळ्यांपुढे येतो; वकिलाचा बराचसा दिवस मात्र कागद वाचण्यात आणि मसुदे करण्यात जातो. ‘पत्रकार’ म्हटलं की घटनास्थळ. प्रत्यक्षात फोनवर फोन आणि फोन न उचलणारी माणसं. ‘प्रोग्रॅमर’ म्हटलं की नवं काहीतरी घडवणं. प्रत्यक्षात दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्यातली चूक हुडकणं.

म्हणून प्रत्येक क्षेत्राला मी एकच प्रश्न विचारते: हे काम करणारा माणूस एखाद्या साध्या दिवशी दुपारी चार वाजता काय करत असतो? पदवीदानाच्या किंवा पुरस्काराच्या दिवशीचं सांगू नका. कामाचा ढीग अर्धा झालाय, थकवा आलाय, अशा वेळी.

घरबसल्या याचा अंदाज घ्यायला एक चांगलं साधन आहे. अमेरिकेच्या श्रम खात्याचा ओनेट नावाचा माहितीसंग्रह इंटरनेटवर मोफत बघता येतो. त्यात नऊशेहून अधिक व्यवसायांत रोज कोणती कामं असतात, कोणती साधनं वापरतात, बसून काम किती, लोकांशी संबंध किती, चूक झाली तर परिणाम किती गंभीर, असं तपशिलात दिलं आहे. पगार आणि मागणीचे आकडे त्या देशाचे आहेत, ते सोडून द्या. कामांची यादी मात्र कुठेही बरीचशी तशीच असते. पाच व्यवसाय निवडा आणि कामांच्या यादीतली क्रियापदं आपल्या वहीतल्या क्रियापदांशी ताडून बघा. पाचांतले दोन इथेच गळतात. गळू द्या.

5. ते काम करणाऱ्या माणसांना भेटा

ही पायरी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याला वाटतं की एखाद्या गोष्टीची भरपूर माहिती मिळाली की ती आपल्याला आवडेल का याचा अंदाज नीट बांधता येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही तरुणींना एका अनोळखी तरुणाशी पाच मिनिटं गप्पा मारायच्या होत्या. आधी त्यांनी अंदाज करायचा: ही भेट मला किती आवडेल? काहींना त्या तरुणाचा फोटो आणि माहिती दिली. काहींना फक्त एवढंच सांगितलं की याला आधी भेटलेल्या एका मुलीला ती भेट किती आवडली. दुसऱ्या गटाचे अंदाज जास्त अचूक निघाले. गंमत म्हणजे, फोटो आणि माहितीच जास्त उपयोगी पडेल असं बहुतेकींचं मत होतं. करिअरच्या बाबतीत आपण सगळे फोटो आणि माहितीवर विसंबतो. जो तिथे जाऊन बसलाय त्याला ‘तुला कसं वाटतं?’ हे विचारतच नाही.

कोणाला गाठायचं? ओळखीच्या लोकांपासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्या मित्रांकडून मिळालेली नव्हती, तर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या, लांबच्या ओळखीच्या माणसांकडून. कारण उघड आहे: जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. तेव्हा तीन वर्षं पुढे असलेले सिनियर, कॉलेजातून बाहेर पडलेले माजी विद्यार्थी, मैत्रिणीची आतेबहीण, एखाद्या व्याख्यानाला आलेले पाहुणे यांची यादी करा.

ईमेल पाच-सहा ओळींचा असावा. मी वापरलेला जवळपास असाच होता:

‘नमस्कार. मी रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकते. तुमचं नाव मला अमुक मॅडमकडून कळलं. तुम्ही करता तशा कामात पुढे जावं का, याचा मी विचार करतेय. नोकरी मागण्यासाठी लिहीत नाही. तुमचा रोजचा दिवस कसा असतो याबद्दल फोनवर 20 मिनिटं बोलता आलं तर मोठी मदत होईल. पुढच्या दोन आठवड्यांत तुम्हाला सोयीची कोणतीही वेळ मला चालेल.’

दहांना लिहिलं तर तीन-चार जण उत्तर देतात, असा माझा अनुभव. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. ‘नोकरी मागण्यासाठी लिहीत नाही’ असं म्हटलंत तर खरंच मागू नका. शेवटी हळूच बायोडेटा पुढे सरकवणारे विद्यार्थी मी आता टेबलाच्या या बाजूने बघते. पुढच्या वेळी त्यांचा फोन उचलावासा वाटत नाही.

काय विचारायचं:

- काल तुम्ही सकाळी आल्यापासून काय काय केलंत? (‘सर्वसाधारणपणे’ असं विचारलंत की माहितीपत्रकासारखं उत्तर येतं. कालचाच दिवस विचारा.)
- कोणतं काम आलं की तुम्ही ते पुढे ढकलता?
- इथे दोन वर्षांत सोडून गेलेली माणसं का गेली?
- या कामात चांगला कोण ठरतो? त्याचे गुण परीक्षेत दिसतात का?
- आज पुन्हा दुसऱ्या वर्षात असता तर काय शिकला असता?
- आणखी कोणाशी बोलू?

शेवटचा प्रश्न कधीही विसरू नका. माझी पाच माणसांची यादी त्या एका प्रश्नाने चौदावर गेली आणि ‘यंत्रांच्या पुस्तिका लिहिणं’ हाही एक पूर्णवेळचा व्यवसाय असतो, हे मला अकराव्या माणसाकडून कळलं. तोवर मी या व्यवसायाचं नावही ऐकलं नव्हतं. यादीत नसलेली क्षेत्रं अशीच सापडतात.

बोलणं संपल्यावर त्याच दिवशी आभाराचा छोटा निरोप पाठवा आणि वहीत दोन गोष्टी टिपा: ते काय म्हणाले, आणि कोणत्या विषयावर बोलताना त्यांचा आवाज बदलला. एका क्षेत्रासाठी किमान तीन माणसांशी बोला. एकच माणूस भेटला तर तुम्ही क्षेत्र निवडत नाही, त्या माणसाचा साहेब चांगला की वाईट यावर निवड करता.

6. छोटा प्रयोग करा, आणि त्याला शेवटची तारीख द्या

बोलून डोंगर जरा जवळ येतो. चढून बघावाच लागतो. आता यादीत दोन-तीन क्षेत्रं उरली असतील. प्रत्येकासाठी शक्य तितका लहान प्रयोग आखा.

सर्वांत लहान म्हणजे एक दिवस कोणाच्या तरी शेजारी बसून बघणं. त्यापुढे एका शनिवार-रविवारी पुरं होईल असं काम: एक लेख संपादित करा, एक छोटं संकेतस्थळ बनवा, एखाद्या संस्थेचा महिन्याचा हिशेब लावून द्या, पाच मुलांना एक धडा शिकवा. त्यापुढे सुट्टीतली इंटर्नशिप. लोक थेट इंटर्नशिपवर उडी मारतात आणि दोन महिने गेल्यावर कळतं की पहिल्या शनिवारीच कळलं असतं.

प्रयोगाचे माझे तीन नियम आहेत. पहिला, काम खऱ्या माणसासाठी हवं, ज्याला ते वेळेत लागणार आहे. स्वतःसाठी केलेलं काम कंटाळा आला की सुटतं, आणि नेमकं त्या कंटाळ्याच्या पलीकडे काय आहे तेच तर बघायचंय. दुसरा, आधीच लिहून ठेवा: काय दिसलं तर पुढे जाईन, काय दिसलं तर थांबेन. तिसरा, कंटाळवाणा भाग मुद्दाम मागून घ्या. इंटर्नना कधीकधी लाडाने गमतीचं काम दिलं जातं. त्यावरून काहीच कळत नाही.

इथे एक बारीक फरक ओळखायला हवा, आणि तो अवघड आहे. नवं काम जड जातंय म्हणून आवडत नाही, की मुळातच आपलं नाही? 2018 मध्ये पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची एक सुंदर चित्रफीत दाखवली आणि लगेच त्याच विषयावरचा किचकट लेख वाचायला दिला. आवड ही उपजत असते, ती फक्त ‘सापडायची’ असते असं मानणाऱ्यांचा उत्साह लेख वाचताना जास्त ओसरला. आवड वाढवता येते असं मानणाऱ्यांचा तितका नाही. म्हणजे ‘माझी खरी आवड असती तर मला हे सोपं गेलं असतं’ हा समजच कित्येकांना चांगल्या क्षेत्रातून बाहेर काढतो.

मी फरक असा ओळखते. जड जाणारं काम संपल्यावर ‘आता जमलं’ असं वाटून थोडा तरी आनंद होतो का? होत असेल तर ती फक्त नवखेपणाची दमछाक. काम नीट जमलं, कौतुकही झालं, आणि तरी ‘सुटलो एकदाचे’ एवढंच वाटलं, तर ते आपलं नाही. प्रयोगशाळेतले माझे आकडे अचूक असायचे. त्यांचं कौतुक झालं तेव्हाही माझं लक्ष दाराकडे होतं.

किती प्रयोग? माझ्या मते वर्षाला तीन. त्याहून जास्त केले की एक ना धड भाराभर चिंध्या.

7. पैसे आणि घर

यावर फार लिहीत नाही, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं. पण गणित मांडाच. सुरुवातीची तीन वर्षं महिन्याला किमान किती लागतील, घरी किती द्यावे लागतील, शिक्षणाचं कर्ज किती फेडायचंय, हा आकडा कागदावर लिहा. मग भेटलेल्या माणसांकडून कळलेला सुरुवातीचा पगार शेजारी लिहा. पगाराबद्दल थेट ‘तुम्हाला किती मिळतात’ असं विचारायचं नसतं. ‘नव्याने येणाऱ्याला साधारण किती मिळतात’ असं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात.

आईवडिलांशी बोलताना ‘मला हे आवडतं’ एवढ्यावर जाऊ नका. त्यांची भीती बहुतेक वेळा एकच असते: उद्या याचं कसं होणार? त्यांना वही दाखवा. कोणाकोणाशी बोललात, काय काम करून बघितलंत, खर्चाचा कागद, आणि जमलं नाही तर दुसरी वाट कोणती. माझ्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं, कागद दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, ‘दोन वर्षांनी नाही जमलं तर?’ उत्तर तयार होतं म्हणून वाद झाला नाही.

आणि गणित जुळलंच नाही तर? तर पोटापाण्याचं काम एक आणि ध्यासाचं दुसरं, असं काही वर्षं चालवण्यात कमीपणा नाही. सी. व्ही. रामन 1907 मध्ये कलकत्त्याला सरकारच्या वित्त खात्यात रुजू झाले. संशोधनात पोट भरेल अशी सोय तेव्हा जवळपास नव्हतीच. पुढची दहा वर्षं ते कचेरीच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत जाऊन काम करत राहिले, आणि 1917 मध्ये प्राध्यापकपद मिळाल्यावर जास्त पगाराची सरकारी नोकरी त्यांनी सोडली. अशी दुहेरी वाट धरणाऱ्याने पोटापाण्याचं काम निवडताना मात्र एक बघावं: ते संध्याकाळी माणसाला शिल्लक ठेवतं का.

8. निर्णय घ्या, तारखेसह

सगळं करूनही शंभर टक्के खात्री होत नाही. माझ्या हाताशी शेवटी साठ-पासष्ट टक्के होती. तेवढी पुरते, कारण हा निर्णय जन्मभराचा नसून पुढच्या दोन-तीन वर्षांचा आहे. कागदावर लिहा: ‘मी अमुक कामापासून सुरुवात करतेय. अमुक तारखेला पुन्हा बघेन. तेव्हा या तीन गोष्टी दिसल्या नाहीत तर वाट बदलेन.’ त्याखाली सही करा आणि मैत्रिणीला दाखवा.

वाट बदलायची वेळ आली की ‘आता तीन वर्षं घातली, कशी सोडू?’ हा विचार आडवा येतो. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी नाटकांच्या हंगामाची तिकिटं काढणाऱ्या काहींना सवलत दिली. हंगामाच्या पहिल्या सहामाहीत, पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना आले. नाटकं तीच होती. पैसे गेले होते म्हणून ते येत होते. पदवीचंही तसंच होतं. झालेला खर्च परत येत नाही. प्रश्न फक्त पुढच्या वर्षांचा असतो. शिवाय जुनं शिक्षण पूर्ण वाया जात नाही. रसायनशास्त्र शिकले नसते तर यंत्राच्या पुस्तिकेत काय चुकलंय ते मला कळलंच नसतं.

‘हेच माझं जीवितकार्य’ अशी घंटा वाजेल म्हणून वाट बघत बसणाऱ्यांना मी एक अभ्यास सांगते. संशोधक एमी रेझनेव्स्की आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये, आपल्या कामाकडे लोक फक्त नोकरी म्हणून बघतात, बढतीची शिडी म्हणून की जीवितकार्य म्हणून, हे तपासलं. त्यात एकसारखंच काम करणारे 24 प्रशासकीय सहाय्यक होते. ते तिन्ही गटांत जवळजवळ सारखे विभागले गेले. म्हणजे घंटा कुठल्या ठराविक पदात बसवलेली नसते. माझीही पहिल्या दिवशी वाजली नाही. दीड वर्षाने एका तंत्रज्ञाने कळवलं की तुमच्या पुस्तिकेमुळे रात्रपाळीत कोणाला उठवावं लागलं नाही, तेव्हा काहीतरी हललं.

शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी फाइलमध्ये काय असावं

- एका पानाचा बायोडेटा. प्रत्येक ओळीत काय केलं आणि त्याचा कोणाला काय उपयोग झाला.
- प्रयोगांतून झालेल्या कामाचे तीन नमुने, प्रत्येकावर दोन ओळींची टीप. दुसऱ्याचं गोपनीय काम असेल तर आधी परवानगी घ्या.
- इंटर्नशिपची किंवा स्वयंसेवी कामाची पत्रं. काम संपतानाच मागा. नंतर तो माणूस बदलून जातो आणि कोणालाच काही आठवत नाही.
- गुणपत्रिकांच्या प्रती, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवलेल्या.
- भेटलेल्या माणसांची यादी: नाव, तारीख, काय बोलणं झालं, पुढे कधी कळवायचं.
- दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं. किमान सहा आठवडे आधी सांगा आणि सोबत बायोडेटा व कामाचा एक नमुना द्या, म्हणजे त्यांना ‘हुशार व मेहनती विद्यार्थिनी’ याच्यापलीकडे काही लिहिता येईल. मी दोन दिवस आधी मागितलं होतं. मला तेच चार शब्द मिळाले.
- आणि ती वही. मुलाखतीत ‘हेच क्षेत्र का?’ असं विचारतात तेव्हा उत्तर तिच्यातूनच येतं. मी भिंतीवरच्या त्या पानाचा फोटो नेला होता. तो बघून समोरच्या बाईंनी विचारलं, ‘यातली तिसरी पायरी दुसरीच्या आधी का नाही?’ पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो.